ताप नाही, लाली थोडी, दुखणे फार: किडनी प्रत्यारोपणानंतरच्या एका पायाचे प्रकरण

रुग्ण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले प्राथमिक शिक्षक, वय ४७. सात वर्षांपूर्वी मुंबईत त्यांना आईची किडनी बसवली. ओळख पटू नये म्हणून घरादाराचे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांची डॉक्टर; त्यांना पहिल्या भेटीपासून मास्तर म्हणते, इथेही तेच म्हणेन.

रोजच्या गोळ्या अशा: टॅक्रोलिमस २ मिलिग्रॅम दोन वेळा, मायकोफेनोलेट ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम सकाळी. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी ही नेहमीची तिकडी. त्यातल्या दोन गोळ्या साखर वाढवतात, त्यामुळे चार वर्षांपूर्वी मधुमेह लागला आणि इन्सुलिन सुरू झाले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा आकडा, गेली दोन वर्षे १.७ वर स्थिर. हा आकडा घरात मास्तरांपेक्षा त्यांच्या आईला जास्त पाठ. प्रत्येक तपासणीनंतर त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली पेन्सिलीने तो लिहून ठेवतात. वय ६९, शाळा चौथीपर्यंत, पण दशांश चिन्ह कधी चुकत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे तिचेच मला सर्वात जास्त वाईट वाटले. प्रत्यारोपणाआधी या माणसाने अडीच वर्षे डायलिसिस केले. आठवड्यातून तीनदा हातात जाड सुया. त्या काळात मी त्यांना एकदाही "दुखते" म्हणताना ऐकले नव्हते.

हरितालिका ते पंचमी

हरितालिकेच्या दुपारी मास्तर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान आणायला बाहेर पडले. आता बाजारात सगळे मिळते, पण कवंडाळ आणि आंबाडे आपल्या हाताने काढून आणायचे हा त्यांचा हट्ट. परतीची वाट शापोरा नदीकाठच्या खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतीच्या, बांधावरून. मानशीपाशी, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी अडवणारी लाकडी दारे असतात तिथे, चिऱ्यांवर शेवाळ धरले होते. घसरून डावा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. वर काढताना चिऱ्यांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांची धार लागली आणि घोट्याच्या वर, पोटरीच्या बाहेरच्या अंगाला चीर पडली. दीड सेंटिमीटरची असेल. घरी येऊन नळाच्या पाण्याने धुतली, खोबरेल तेलात हळद कालवून लावली आणि त्याच पायावर स्टुलावर चढून माटोळी बांधली.

चवथीच्या सकाळी पोटरी ठणकू लागली. पूजा उरकली. दुपारी पंगतीला मांडी घालून बसता येईना. आईने पाय पाहून "धावरे उठले" म्हटले. जुन्या लोकांचा हा शब्द वाईट नाही. त्वचेवर धावत जाणारा लालसर दाह, त्यांनी पाहिलेलाच आजार. संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटच्या गोळ्या दिल्या आणि दुखणे थांबावे म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन. दुखणे तासभर कमी झाले.

रात्री साडेनऊला मास्तरांचा मला फोन. तो संवाद मला जवळजवळ शब्दशः आठवतो.

"मॅडम, पाय दुखतो."

"ताप आहे?"

"नाही. आत्ताच बघितला, अठ्ठ्याण्णव."

"सूज? लाल झालंय?"

"थोडी सूज आहे. लाल म्हणजे हातभर नाही, तळव्याएवढं. पण दुखतं फार. चादरीचा काठ लागला तरी नको वाटतं."

मी विचारले, मासळी साफ करताना काही लागले होते का. ते हसले. "मॅडम, चवथीला मासळी?" मग त्यांनी बांधावर घसरल्याचे सांगितले. ते मी ऐकले, पण माझ्या कानात 'घसरले' एवढेच राहिले. 'कुठल्या पाण्यात' हे राहिले नाही. गोळ्या चालू ठेवा, पाय उंच ठेवा, उद्या सकाळी नऊला रुग्णालयात या, असे सांगून मी फोन ठेवला.

फोननंतर मास्तरांनी एक काम केले, ते मी केलेल्या कामापेक्षा शहाणपणाचे. उत्तरपत्रिका तपासायचा लाल पेन बाजूला ठेवून मुलाच्या कंपासपेटीतला निळा पेन घेतला आणि लालीच्या कडेने पायावर रेघ ओढली. खाली वेळ लिहिली: १०.००.

पहाटे तीनला उलटी झाली. चारला उठून बसताच घेरी आली. वहिनींनी दिवा लावून पाहिले तेव्हा लाली निळ्या रेघेच्या बाहेर जेमतेम एक बोट गेली होती, पण चीर होती तिच्याभोवतीचा रंग जांभळट झाला होता आणि तिथे लिंबाएवढा एक फोड आला होता, आत काळसर लाल पाणी. शेजाऱ्यांची गाडी काढून कोलवाळचा पूल ओलांडून पाच वाजता ते आमच्याकडे पोचले. इजा होऊन तोवर साधारण ३६ तास झाले होते. त्यातले साडेसात तास माझ्या फोनच्या नंतरचे.

तपासणी

तापमान ९८.२. नाडी १२४. रक्तदाब ८६/५०. श्वास मिनिटाला २८. माणूस शुद्धीवर, पण उत्तर द्यायला एक क्षण जास्त घेत होता.

पायाकडे पाहताना दोन गोष्टी जुळत नव्हत्या. लाली घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंतच होती. पण निळ्या रेघेच्या वर चार बोटे, जिथे त्वचा दिसायला अगदी चांगली होती, तिथे नुसता हात टेकवताच मास्तर कळवळले. उलट फोडाच्या कडेला टोचले तर त्यांना कळलेच नाही. तिथल्या नसा मेल्या होत्या. दाबल्यावर त्वचेखाली हवेची चरचर नव्हती. दुर्गंध नव्हता. गँगरीन म्हटले की लोकांच्या, आणि खरे तर विद्यार्थ्यांच्याही, डोळ्यांसमोर जे येते त्यातले काहीच नव्हते.

हा आजार त्वचेत पसरत नाही, म्हणून त्वचा इतका उशिरापर्यंत चांगली दिसते. मटण साफ करताना स्नायूवरून जो पातळ, पांढुरका पापुद्रा निघतो तो फॅशिया. जंतू एकदा त्या थरात शिरले की त्यांना वाट मोकळी मिळते, कारण तिथे रक्तपुरवठा मुळातच बेताचा. ते थराथराने वर सरकतात, वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्या गोठतात आणि मग त्या रक्तवाहिन्यांवर जगणारी वरची त्वचा काळवंडते. त्वचेवर रंग दिसतो तो काल खाली जे झाले त्याचा. १९५२ मध्ये विल्सन या सर्जननी याला नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस हे नाव दिले, म्हणजे फॅशिया कुजवणारा दाह.

धडधाकट माणसात निदान याआधी ताप, थंडी, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, फुललेली लाली आपल्याला हाक मारतात. ही सगळी शरीराने उठवलेली आरडाओरड असते. मास्तरांना आम्ही सात वर्षे रोज तीन गोळ्या देत होतो त्या नेमकी तीच दाबण्यासाठी. प्रेडनिसोलोन ताप आणणारी रसायने कमी करते, जखमेकडे धावणाऱ्या पेशींना अडवते, म्हणून लाली आणि सूजही कमी. मायकोफेनोलेटमुळे पांढऱ्या पेशी वाढायच्या तेवढ्या वाढत नाहीत. या गोळ्यांना दाबता येत नाही ते फक्त दुखणे, आणि ते आदल्या संध्याकाळी डायक्लोफेनॅकने तासभर दाबले होते. टॅक्रोलिमस घेणाऱ्याच्या किडनीला हे इंजेक्शन विषासारखे, तो वेगळाच मुद्दा.

रक्ताचे अहवाल पावणेसहाला आले. हिमोग्लोबिन १०.६, पांढऱ्या पेशी ९,४००, सोडियम १३१, साखर २१२, क्रिएटिनिन २.८, दाह मोजणारे सीआरपी ११८, ऊतकांना रक्त कमी पडले की वाढणारे लॅक्टेट ५.१.

इथे थोडे आडवळण घेते. २००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी या आजाराचा संशय घेण्यासाठी सहा साध्या रक्ततपासण्यांना गुण द्यायची एक पद्धत मांडली. लरिनेक म्हणून ती ओळखली जाते आणि आमच्या तरुण डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये तिचे गणकयंत्र असतेच. सीआरपी १५० किंवा जास्त असेल तर ४ गुण, हिमोग्लोबिन ११ च्या खाली २, सोडियम १३५ च्या खाली २, क्रिएटिनिन १.६ च्या वर २, साखर १८० च्या वर १, पांढऱ्या पेशी १५,००० च्या वर गेल्या की १ किंवा २. एकूण ६ झाले की सावध व्हायचे. मास्तरांचे त्या पहाटे ७ झाले. निवासी डॉक्टरने उत्साहाने मला ते दाखवले. मी त्याला महिन्याभरापूर्वीचा, मास्तर ठणठणीत असतानाचा अहवाल काढायला सांगितला: हिमोग्लोबिन १०.८, क्रिएटिनिन १.७, साखर १९०. म्हणजे ५ गुण तर हा माणूस रोज खिशात घेऊनच हिंडतो. मरणाच्या दारात त्यात भर पडली ती फक्त सोडियमच्या दोन गुणांची. पांढऱ्या पेशी आणि सीआरपी, जिथे खरे गुण आहेत, तिथे गोळ्यांमुळे शून्य. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ही बेरीज लावूच नये असे माझे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे. ६ च्या वर आले तरी त्यातून काही कळत नाही, आणि खाली आले तर झोप लागते, ते जास्त वाईट.

बोट

आमचे सर्जन सव्वासहाला आले, कपाळावर आदल्या रात्रीच्या आरतीचे कुंकू तसेच. मी सीटी स्कॅनचे विचारले. त्यांनी पायाकडे पाहिले, रक्तदाबाच्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तर तुम्ही थांबणार आहात का?" नव्हते थांबणार. मग स्कॅन नको.

त्यांनी अपघात विभागातच, चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर, निळ्या रेघेच्या दोन बोटे वर बधिर करून दोन सेंटिमीटरचा छेद घेतला. रक्त आले नाही. पातळ करडे पाणी आले. इंग्रजी पुस्तकांत याला भांडी घासलेल्या पाण्याची उपमा असते. मला ते उकड्या तांदळाच्या पेजेवर निवळून येते त्या पाण्यासारखे वाटले, आणि नंतर काही आठवडे मी घरी पेज खाऊ शकले नाही. मग त्यांनी हातमोज्यातले बोट छेदातून आत सारले. निरोगी पायात चरबी फॅशियाला घट्ट धरून असते, बोटाला तिथे जागाच मिळत नाही. इथे ते घडी घातलेल्या चादरीत हात जावा तसे अलगद वर गेले. पेरभर, दोन पेरे, पूर्ण बोट. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सिस्टरना एवढेच सांगितले, "ओटीला फोन करा."

तोवर शिरेतून औषधे सुरू झाली होती. मेरोपेनेम दिले कारण अशा रुग्णांत आतड्यातले ग्रॅम-निगेटिव्ह जंतूही एकट्याने हा आजार करतात. शिवाय पावसाळ्यात, शेताच्या चिखलात पाय गेलेल्या मधुमेही माणसात मेलिऑइडोसिस हा मातीतल्या जंतूचा आजारही डोक्यात ठेवावा लागतो आणि त्यालाही मेरोपेनेम चालते. व्हॅन्कोमायसिन टाळून लिनेझोलिड दिले. किडनीला त्रास कमी, आणि स्ट्रेप्टोकॉकस असेल तर त्याचे विष तयार होणेही थांबते. तिसरे औषध मी जवळजवळ विसरणार होते. सलाइन लावताना वहिनी सिस्टरना सांगत होत्या, "मानशीकडे पडले ना, खाऱ्या पाण्यात." रात्री फोनवर जे कान सोडून गेले ते आता बसले. डॉक्सिसायक्लिन लावले.

कारण कालवे, कोमट पाणी आणि बेताचा खारेपणा या तीन गोष्टी एकत्र आल्या की व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचे नाव घ्यावेच लागते. पटकीच्या जंतूचा हा भाऊबंद. १९७९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच जखम करणारा. भर समुद्राचे खारट पाणी त्याला फारसे मानवत नाही, नदी समुद्राला मिळते तिथले मचूळ पाणी मानवते, आणि पावसाळ्यात आपल्या खाजनांत तेच असते. तो शरीरात दोन वाटांनी शिरतो: कच्ची कालवे खाऊन किंवा उघड्या जखमेतून. यकृताचे आजार, मधुमेह, दाबलेली प्रतिकारशक्ती असलेल्यांना तो गाठतो. लागण झालेल्या पाच जणांतला एक दगावतो, कधी कधी आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांत. मी मासळी हाताळली का हा ठरीव प्रश्न विचारला होता. श्रावण-चवथीतल्या हिंदू घराला तो प्रश्न लागूच होत नाही, म्हणून उत्तर 'नाही' आले आणि मी निर्धास्त झाले. विचारायला हवे होते ते फक्त पाण्याचे.

सातच्या सुमारास संमतीच्या कागदांवर सह्या झाल्या. त्यात गुडघ्यावरून पाय कापावा लागू शकतो हे लिहिलेले होते. मास्तरांनी ते वाचले, शिक्षकाच्या सवयीने एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि मला विचारले, "किडनीचं काय?"

मी त्यांना खरे सांगितले. मायकोफेनोलेट आत्तापासून बंद. टॅक्रोलिमसही काही दिवस बंद. स्टेरॉइड मात्र बंद नाही, उलट वाढवणार. सात वर्षे बाहेरून मिळाल्यामुळे स्टेरॉइड बनवणाऱ्या त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावल्या आहेत, अशा आघातात त्या स्वतः काही बनवणार नाहीत, म्हणून हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी. या सगळ्यात शरीर किडनीवर उलटू शकते. "गेली तर पुन्हा डायलिसिस आहे," मी म्हणाले. पुढचे वाक्य मी पूर्ण केले नाही आणि त्यांनीही करायला लावले नाही. ते म्हणाले, "आईला आत्ता सांगू नका."

मुंबईच्या प्रत्यारोपण केंद्रातल्या डॉक्टरांशी मी ओटीच्या दारातून बोलले. त्यांचेही मत तेच: आधी माणूस. हे लिहायला सोपे आहे. पण किडनी देणारी बाई खालच्या मजल्यावर बाकावर पदराने तोंड पुसत बसलेली असते तेव्हा औषधांच्या तक्त्यावर काट मारताना पेन जड होतो.

पुढचे ३४ दिवस

७.२० ला पहिली शस्त्रक्रिया सुरू झाली, म्हणजे आल्यापासून दोन तास वीस मिनिटांत. घोट्यापासून गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत, बाहेरच्या बाजूची सुमारे ३० बाय १२ सेंटिमीटर त्वचा, चरबी आणि फॅशिया काढावी लागली. बोटाने सहज सुटते तिथपर्यंत काढायचे आणि कडेला लालभडक रक्त वाहू लागले की थांबायचे, हा नियम. खालचा स्नायू जिवंत होता. चिमटा लावला की आकसत होता. म्हणून पाय वाचला. नातेवाइकांना एवढे मोठे उघडे मांस पाहून सर्जननी अति केले असे वाटते. हात आखडता घेतला तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वर जावे लागते, हे त्यांना समजावणे हा उपचाराचाच भाग.

काढलेले ऊतक प्रयोगशाळेत पाठवताना मी स्वतः खाली जाऊन मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टरांना खारे पाणी आणि कालवे एवढे दोन शब्द सांगितले. त्यावर त्यांनी नेहमीच्या प्लेटबरोबर व्हिब्रिओसाठीची टीसीबीएस प्लेटही लावली. दुपारी बाराला स्लाइडवर किंचित वाकडे ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू दिसले. दुसऱ्या दिवशी त्या हिरवट प्लेटीवर हिरव्या वसाहती. तिसऱ्या दिवशी नाव पक्के: व्हिब्रिओ व्हल्निफिकस, ऊतकात आणि रक्तातही. चौथ्या दिवशी मेरोपेनेम आणि लिनेझोलिड थांबवून सेफ्टॅझिडिम आणले, डॉक्सिसायक्लिन तसेच ठेवले.

ऊतकाचे तुकडे बुरशी आणि क्षयगटातल्या जंतूंसाठीही पाठवले होते आणि पॅथॉलॉजीलाही. काही निघाले नाही, पण या रुग्णांत ते पाठवलेच पाहिजेत. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या पायावरची साधी दिसणारी लाली कधी क्रिप्टोकॉकस ही बुरशी असते आणि आठवडाभर अँटिबायोटिक खाऊनही ढिम्म हलत नाही. काळी खपली धरणारी म्युकर वेगळी, महिनोन्महिने गाठी उठवत राहणारे क्षयाचे चुलते वेगळे. डोळ्याने ओळखतो म्हणणाऱ्याने इथे जपून.

पंचमीच्या संध्याकाळी गावात दीड दिवसाचे गणपती निघाले. मास्तरांचा मुलगा, नववीतला, विसर्जन करून रात्री दहाला रुग्णालयात आला. आल्या आल्या त्याने विचारले, रेघ अजून आहे का. ती शस्त्रक्रियेत गेली होती.

चोवीस तासांनी पुन्हा ओटी. वरच्या कडेला दोन सेंटिमीटरची पट्टी आणखी काढली. बहात्तर तासांनी तिसऱ्यांदा पाहिले तेव्हा काढण्यासारखे काही उरले नव्हते; मग पोकळीतली हवा ओढून घेणारे व्हॅक्युम ड्रेसिंग लावले. रक्तदाबाची औषधे तिसऱ्या दिवशी सुटली.

किडनीने मात्र दम काढला. लघवी दिवसाला २०० मिलिलिटरवर आली, क्रिएटिनिन ५.२ पर्यंत चढले, मानेत नळी टाकून तीन वेळा डायलिसिस करावे लागले. पहिल्या वेळी मशीन सुरू होताच मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सहाव्या दिवशी टॅक्रोलिमस निम्म्या मात्रेने पुन्हा चालू केले. लघवी परत आली, पण क्रिएटिनिन ३ च्या आसपास अडकून बसले आणि मला नकाराची भीती वाटू लागली. अठराव्या दिवशी बायॉप्सी केली. रक्तदाब पडल्याने आणि डायक्लोफेनॅकने किडनीच्या नलिकांना मार बसला होता; नकाराचे चिन्ह नव्हते. वाट पाहायची, एवढाच उपचार. बाविसाव्या दिवशी उजव्या मांडीची त्वचा घेऊन पायावर लावली, ती बहुतेक सगळी धरली. मायकोफेनोलेट सहाव्या आठवड्यात, जखम भरल्यावर, निम्म्या मात्रेने सुरू केले.

मी काय बदलले

अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर गोवाही होता. पण आपल्याकडचे पुष्कळ रुग्ण किडनी बसवून घेतात ती मुंबईत किंवा बंगळूरमध्ये, आणि मग परत येऊन पेडण्यात, काणकोणात, सत्तरीत राहतात. पाय सुजला तर तो पहिल्यांदा पाहतो तो गावातला डॉक्टर, आणि त्याच्या हातात प्रत्यारोपणाबद्दलचा एक कागदही नसतो. गावातल्या त्या डॉक्टरांना मी नंतर फोन केला, दोष द्यायला नव्हे. त्यांना डायक्लोफेनॅकबद्दल सांगायचे होते. ते म्हणाले, "मॅडम, प्रत्यारोपण झालंय हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी किडनीचा त्रास होता एवढंच सांगितलं." तेव्हापासून माझ्या रुग्णांच्या फाइलला एक पिवळे कार्ड लावते, पाकिटात मावेल एवढे. त्यावर ठळक मराठीत: किडनी बदललेली आहे, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेन नको, क्लॅरिथ्रोमायसिन मला विचारल्याशिवाय नको (ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवते), ताप नसला तरी जंतुसंसर्ग असू शकतो, आणि माझा नंबर.

फोनवरचे माझे प्रश्नही उलटे झाले आहेत. ताप आता शेवटी विचारते. आधी विचारते, दिसते त्यापेक्षा दुखते जास्त का, लालीच्या बाहेर दाबून पाहा, तिथेही दुखते का, गेल्या तीन दिवसांत कुठल्या पाण्यात पाय गेला, आणि लघवी कमी झाली का. पहिल्या दोनांपैकी एकाचे उत्तर 'हो' आले तर सकाळची वाट पाहायला सांगत नाही. यातून काही माणसे मध्यरात्री उगाच येतात, साधा दाह निघतो, कॅज्युअल्टीतले सहकारी कुरकुरतात. कुरकुरू देत.

नऊ वाजता या म्हटले होते, त्याबद्दल मी मास्तरांशी बोलले, घरी जायच्या आदल्या दिवशी. फोनवर मी तुमचे दुखणे ऐकले नाही, असे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीपण सांगताना हसलो ना, मॅडम." त्यांनी मला माफ केले की विषय टाळला, ते मला अजून कळलेले नाही.

चौतिसाव्या दिवशी सुट्टी. पायाला दाबपट्टी, हातात काठी, बुटाशिवाय बाहेर पाऊल टाकायचे नाही, बांध आणि मानस कायमचे बंद. कागद वहिनींच्या हातात दिले. आई पुढे आल्या. पायाचे काही विचारले नाही.

"किती आला?"

"दोन," मी म्हणाले. "दोन पॉइंट शून्य."

त्यांनी मनात हिशेब केला. कॅलेंडर घरी होते, पण आधीचा आकडा त्यांना बघायची गरज नव्हती.

"पॉइंट तीन गेला," त्या म्हणाल्या आणि मुलाची काठी सरळ धरून त्याला लिफ्टकडे घेऊन गेल्या.